डोळे पिवळे नाहीत, पण रक्तपेढीतून फोन आलाय

एका ताईंनी विचारलेला प्रश्न, थोडा आवरून:

"माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात, तो एमआयडीसीत कामाला आहे. शिवजयंतीच्या शिबिरात त्यानं पहिल्यांदाच रक्त दिलं. पंधरा दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, येऊन भेटा म्हणून. तिथं सांगितलं, हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आहे. त्याला काही त्रास नाही, आजवर कधी कावीळ झालेली नाही. गावातल्या डॉक्टरांनी एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी केली, ३६ आलं. नॉर्मल आहे, औषध नको, असं म्हणाले. आई म्हणते अंगात मुरलेली कावीळ आहे, माळ घालून आणू. त्याचं ताट-तांब्या वेगळं केलंय. भावजयीला तिसरा महिना आहे, तिला माहेरी पाठवायचं चाललंय. खरंच औषध नको का? आणि हे आलं कुठून? तो तर दारूलाही शिवत नाही."

ताई, आधी ताट-तांब्या पुन्हा एकत्र करा. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, एवढं मात्र आजच्या जेवणाआधी करा. हिपॅटायटिस बीचा विषाणू एका ताटात जेवल्यानं, उष्ट्यानं, एकाच माठातलं पाणी प्यायल्यानं, मिठी मारल्यानं किंवा खोकल्या-शिंकल्यानं पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. त्यामुळे वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि नेलकटर. जखम झाली तर पट्टी बांधायची. फरशीवर रक्त सांडलं तर ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसायचं, कारण शरीराबाहेरही हा विषाणू किमान सात दिवस तग धरतो. घरोघरी मी उलटंच पाहत आले आहे. वाटी फडताळात वेगळी ठेवलेली असते आणि नेलकटर खिळ्याला टांगलेला, अख्ख्या घराचा एकच.

भावजयीला माहेरी पाठवून काही साधत नाही. तिची तपासणी करायची आहे, तीही याच आठवड्यात. गरोदरपणाच्या रक्ततपासणीत एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीची चाचणी, बहुधा झालेलीच असेल, कार्ड काढून बघा. ती निगेटिव्ह असेल आणि पूर्वी लस घेतलेली नसेल तर लगेच लस सुरू करायची. आज एक, महिन्यानं दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. ही लस गरोदरपणात चालते. तिन्ही डोस होऊन रक्तात संरक्षण तयार झाल्याचं दिसेपर्यंत निरोध वापरायचा. नवऱ्याकडून पोटातल्या बाळाला हा विषाणू थेट जात नाही. आई बाधित असेल तरच बाळाला धोका, आणि तो मुख्यतः जन्माच्या वेळी.

ती पॉझिटिव्ह निघाली तरी घाबरून जाऊ नका, फक्त कामं वाढतील. तिच्या रक्तातलं विषाणूचं प्रमाण मोजायचं. ते मिलिलिटरला २ लाख युनिटच्या वर असेल तर गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत टेनोफोविर या विषाणूरोधक औषधाची रोज एक गोळी देतात. बाळंतपण दवाखान्यातच करायचं. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन. हे सगळं वेळेवर झालं तर बहुतेक बाळं सुटतात. यासाठी सिझेरियनची गरज नाही, अंगावर पाजायलाही हरकत नाही. आणि ती निगेटिव्ह असली तरी जन्माच्या दिवशीची लस बाळाला हवीच. ती प्रत्येक बाळाला असते.

आता काविळीकडे येते, कारण आईंचा आणि तुमच्या डॉक्टरांचाही घोटाळा तिथंच झालेला दिसतो.

आपल्याकडे कावीळ हे रोगाचं नाव होऊन बसलं आहे. खरं तर ते ताप या शब्दासारखं आहे. जुन्या झालेल्या लाल पेशी मोडतात, त्यातून बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. यकृत तो रक्तातून उचलतं, पाण्यात विरघळेल असा करतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडतं. या कामात कुठंही खोळंबा झाला की तो रक्तात साठतो आणि डोळे पिवळे दिसतात. पित्तनलिकेत खडा अडकला तरी कावीळ, लाल पेशी भराभर फुटल्या तरी कावीळ, औषधानं यकृताला इजा झाली तरी कावीळ. विषाणू हे अनेक कारणांतलं एक. उलट बाजूनं बघा: यकृतात विषाणू तीस वर्षं राहून एकदाही डोळे पिवळे न होणं ही हिपॅटायटिस बी आणि सीमध्ये रोजची गोष्ट आहे. पिवळेपणा हा काही यकृताचा काटा नव्हे.

यकृताला सूज आणणारे मुख्य विषाणू पाच, ए ते ई. ए आणि ई घाण पाण्यातून आणि अन्नातून येतात. ज्याला गावात "काविळीची साथ" म्हणतात ती यांचीच. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचं सांडपाणी मिसळलेलं पाणी नळाला आलं आणि एकोणतीस हजारांवर लोकांना कावीळ झाली. तो ई विषाणू होता हे साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून कित्येक वर्षांनी कळलं. पुढं १९७८ मध्ये काश्मीरात अशीच मोठी साथ आली, आणि डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी हा ए आणि बीपेक्षा निराळा आजार असल्याचं मांडलं. तुमच्या जिल्ह्यात तर २०१२ ची इचलकरंजीची साथ लोक अजून विसरले नसतील. ए आणि ई शरीरात ठाण मांडत नाहीत. धडधाकट माणसात चार-सहा आठवड्यांत यकृत स्वतःच सावरतं.

काविळीच्या माळेचं यश इथून येतं. माळ घातली काय, देवडांगरीचे थेंब नाकात सोडले काय, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळं करून दाखवलं काय, ए आणि ईची कावीळ उतरायची वेळ झालेलीच असते. माळ लांबते ती काविळीमुळे लांबत नाही. ओल्या काड्या वाळून आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात, दोरा तेवढाच राहून माळ खाली उतरते. ती दाराच्या कडीला अडकवून ठेवा, तरी लांबेल. एकदा घरी करून बघाच, आईंना सांगत बसण्यापेक्षा दाखवलेलं बरं. माळेनं तसा अपाय नाही. अपाय होतो तो "आता उतरली" म्हणून पुढच्या तपासण्या सोडून देण्यानं. आणि देवडांगरी नाकात घालणं तर साफ टाळा. नाकातून पिवळं पाणी येतं ते आतल्या त्वचेची आग होऊन, यकृतातून नव्हे.

भावजयीच्या बाबतीत मात्र ईपासून खरोखर जपा. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर तो भयंकर रूप घेऊ शकतो. साथींमध्ये अशा दर चार-पाच बायकांमागे एकीचा मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. तिच्यासाठी पाणी उकळून, रसवंतीचा बर्फ बंद. नवऱ्याच्या ताटापेक्षा पावसाळ्यातलं नळाचं पाणी तिला कितीतरी जास्त धोक्याचं आहे.

बी आणि सीची गोष्ट वेगळी. (डी हा एकटा जगू शकत नाही, त्याला बीचा आधार लागतो, म्हणून इथं बाजूला ठेवते.) बी पहिल्यांदा सापडला तो एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात. अमेरिकी शास्त्रज्ञ बारूक ब्लुमबर्ग यांनी १९६० च्या दशकात तो शोधला, त्यांना १९७६ चं नोबेल मिळालं. त्यांचा वाढदिवस, २८ जुलै, आता जागतिक हिपॅटायटिस दिवस असतो. सीचा शोध १९८९ चा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात भारतात बीचे अंदाजे २ कोटी ९८ लाख आणि सीचे ५५ लाख लोक मोजलेत, आणि त्यातल्या बहुतेकांना ते माहीत नाही. तुमच्या भावाला शिबिरामुळे कळलं. त्यानं रक्तदान केलं ते वाया गेलं असं त्याला वाटत असेल, तर त्याला सांगा की त्यातून त्याला स्वतःबद्दल जे कळलं ते त्या पिशवीपेक्षा महाग आहे. यापुढं मात्र त्यानं रक्तदान करायचं नाही.

आता यकृतात नेमकं काय होतं ते. एक गोष्ट बहुतेकांना चकित करते: बीचा विषाणू यकृताच्या पेशीला स्वतः मारत नाही. तो पेशीच्या केंद्रकात आपल्या डीएनएची एक गोल मुद्रा ठेवतो आणि पेशीकडून शांतपणे आपल्या प्रती छापून घेतो. पेशी मारतात त्या आपल्याच पांढऱ्या पेशी, विषाणू हुडकायला आल्यावर. म्हणजे यकृताची सूज ही पोलिसांनी केलेल्या झडतीची मोडतोड आहे. मोठ्या माणसाला लागण झाली की झडती जोरात होते. काहींना कडक कावीळ होते, पण शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त लोकांत विषाणू हुसकला जातो. तान्ह्या बाळाच्या शरीराला मात्र परका कोण हेच अजून कळत नसतं. लहानपणापासून घरात वाढलेला चोर घरचाच वाटावा तसं होतं. झडतीच होत नाही, म्हणून कावीळही होत नाही, आणि विषाणू राहतो. जन्माच्या वेळी लागण झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के बाळांत तो कायमचा राहतो. एक ते पाच वर्षांत लागण झाली तर चौघांपैकी एक ते निम्म्या मुलांत.

तुम्ही विचारलंत, हे आलं कुठून? त्याचं उत्तर या आकड्यांतच आहे. २९ वर्षांचा निरोगी तरुण, कावीळ कधी नाही, विषाणू आहे. याचा बहुधा अर्थ असा, की लागण अगदी लहानपणीची आहे. बाहेरख्यालीपणाचा संशय घेऊन घर पेटवायच्या आधी हे लक्षात घ्या. माझ्या ओपीडीत दोन संसार केवळ या गैरसमजानं मोडकळीला आलेले मी पाहिलेत. एक शक्यता जन्माच्या वेळी आईकडून. दुसरी, लहानपणी घरातल्या किंवा शेजारच्या बाधित माणसाकडून, खरचटलेल्या जखमांमधून. तिसरी, सुई. काचेची सिरिंज कोमट पाण्यात बुचकळून एकामागून एक सगळ्यांना टोचणारा जमाना तुम्हाला आठवत असेल. गुजरातेत मोडासा इथं २००९ मध्ये वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यानं हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली आणि कित्येक माणसं गेली. जत्रेतलं गोंदण, कान टोचणं, न बदललेलं ब्लेड हेही रस्ते आहेत. भावाच्या जन्माच्या वेळी सरकारी लसीकरणात ही लस नव्हतीच. ती २००२-०३ मध्ये काही ठिकाणी सुरू झाली आणि देशभर पोचायला २०११ उजाडलं.

मोठेपणी लागण होऊनही विषाणू राहतो, थोड्यांत. अमिताभ बच्चन यांनी जाहीरपणे सांगितलं आहे, की १९८२ च्या अपघातात चढवलेल्या रक्तातून त्यांना हिपॅटायटिस बी झाला आणि कळेपर्यंत यकृताचा पाऊण भाग निकामी झाला होता. मधली जवळजवळ वीस वर्षं ते काम करत होते.

वीस वर्षं कसं कळत नाही? यकृत हे उजव्या बरगड्यांखालचं सव्वा-दीड किलोचं इंद्रिय. त्याच्या आत दुखण्याची जाणीव नसते, आणि त्याच्याकडे राखीव ताकद एवढी असते की निम्म्याहून जास्त खराब झालं तरी रोजचं काम निभतं. झडती अधूनमधून होत राहते, काही पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात. पण प्रत्येक वेळी थोडा व्रण राहतो. भाजलेल्या कातडीवर जसा निबर डाग राहतो, तसे धागे आत विणले जातात. वर्षानुवर्षं ते साठले की मऊ यकृत कडक, गाठीगाठींचं होतं. त्याला सिरोसिस म्हणतात.

शेती असलेल्या घरात मी हे पाटाच्या पाण्यानं समजावते. आतड्यांतलं सगळं रक्त एका मोठ्या पाटानं, म्हणजे पोर्टल शिरेनं, यकृतात येतं आणि वाफ्यावाफ्यांतून झिरपत पुढं जातं. व्रणांमुळे वाफ्यांचे बांध सिमेंटचे झाले की पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. तुंबलेलं पाणी मिळेल तिकडून वाट काढतं. अन्ननलिकेच्या शिरा फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. रक्ताची उलटी होते किंवा डांबरासारखी काळी शी होते. प्लीहा सुजते आणि प्लेटलेट अडकवून ठेवते, म्हणून त्या रिपोर्टमध्ये कमी दिसतात. पोटात पाणी भरतं, तो जलोदर. आतड्यात तयार झालेला अमोनिया न गाळता मेंदूपर्यंत पोचतो. माणूस दिवसा पेंगतो, रात्री जागतो, सही वेडीवाकडी व्हायला लागते. घरचे म्हणतात हल्ली तिरसट झालेत. कावीळ या सगळ्यात बहुधा उशिरा येते, घर पडायला आल्यावर.

बीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. हा विषाणू आपल्या डीएनएचे तुकडे यकृताच्या पेशीच्या डीएनएत घुसवतो, त्यामुळे सिरोसिस नसतानाही कर्करोग होऊ शकतो. तैवाननं १९८४ मध्ये नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली, आणि पुढच्या काही वर्षांत तिथं लहान मुलांतले यकृताचे कर्करोग घटले. कर्करोग टाळणारी लस म्हणून आधी हिचं नाव घ्यायला हवं, पण आपण तिला "काविळीची लस" म्हणतो. असो.

मग "औषध नको" हे बरोबर का? कदाचित बरोबर असेल. पण ३६ या एका आकड्यावरून ते ठरत नाही. आजच औषध नको आणि पुन्हा बघायलाच नको, यात एका माणसाच्या आयुष्याचा फरक आहे. काही वर्षांपूर्वी साखर कारखान्यातला एक चव्वेचाळीस वर्षांचा माणूस रक्ताची उलटी होऊन रात्री आला. तो शुद्धीवर आल्यावर त्याच्या बायकोनं पेटीतून एक घडी घातलेला कागद आणला. पंधरा वर्षांपूर्वीचं रक्तपेढीचं पत्र, आणि त्यामागं कुणीतरी लिहिलेलं: एसजीपीटी नॉर्मल, हेल्दी कॅरिअर, काळजी नको. "हेल्दी कॅरिअर", म्हणजे विषाणू बाळगणारा पण निरोगी, या शब्दावर माझा राग आहे तो तेव्हापासून.

एसजीपीटी त्या दिवशी किती पेशी फुटत आहेत एवढंच सांगतं. मागच्या वीस वर्षांत किती व्रण साठले, ते त्यातून कळत नाही. शिवाय प्रयोगशाळेच्या कागदावर वरची मर्यादा ४० किंवा ४५ छापलेली असते, पण हिपॅटायटिस बीमध्ये आम्ही पुरुषांत ३० आणि बायकांत १९ धरतो. म्हणजे तुमच्या भावाचं ३६ कागदावर नॉर्मल आहे, माझ्या हिशेबात थोडं वाढलेलं. ते विषाणूमुळे वाढलंय की पोट सुटल्यामुळे यकृतात चरबी साठलीय म्हणून, ते बघावं लागेल.

रक्तपेढीची चाचणी गाळणीसारखी असते, कधीकधी चुकूनही पॉझिटिव्ह येते. त्यामुळे एचबीएसएजी चांगल्या प्रयोगशाळेत पुन्हा एकदा, आणि सहा महिन्यांनी परत. सहा महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू मुक्कामाला आहे. त्यासोबत एचबीई अँटिजेन (याच विषाणूचं आणखी एक प्रथिन), आणि सगळ्यात महत्त्वाची एचबीव्ही डीएनएची मोजणी: विषाणू किती जोरात छापाई करतोय, ते हीच सांगते. एसजीओटी (एसजीपीटीसारखीच दुसरी तपासणी), अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते प्रथिन), रक्त गोठण्याची चाचणी, प्लेटलेट. पोटाची सोनोग्राफी. जमलं तर फायब्रोस्कॅन, ज्यात यकृताला बाहेरून हलका धक्का देऊन ते किती कडक आहे ते मोजतात. ७ किलोपास्कलच्या वर गेलं की व्रण दखल घेण्याइतके आहेत, १२.५ च्या वर सिरोसिसकडं बोट. फायब्रोस्कॅन जवळ नसेल तर अडून बसू नका. एसजीओटीला त्याच्या कमाल मर्यादेनं भागा, शंभरानं गुणा आणि हजारांत मोजलेल्या प्लेटलेटनं भागा. एसजीओटी ४०, मर्यादा ४०, प्लेटलेट २ लाख म्हणजे २००, तर उत्तर ०.५. त्याच्या वर आलं की नीट बघायचं. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीही एकदा करून घ्या.

डीएनए मिलिलिटरला २,००० युनिटच्या वर आणि एसजीपीटी खरोखर वाढलेलं असेल, किंवा व्रण साठल्याची खूण असेल, तर औषध सुरू करायचं. सिरोसिस असेल तर डीएनए थोडा असला तरी सुरू करायचं. औषध म्हणजे टेनोफोविर किंवा एन्टेकाविर, रोज एक गोळी, बहुधा अनेक वर्षं. ती केंद्रकातली गोल मुद्रा पुसत नाही, छापाई बंद करते. झडत्या थांबतात, आणि साठलेले व्रणही हळूहळू कमी होताना दिसतात. टेनोफोविरवर असताना मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून लागते. गोळी मनानं बंद करायची नाही. विषाणू उसळून येतो आणि त्या उसळीत यकृत बसल्याची उदाहरणं आहेत. मला सगळ्यात जास्त भीती "बरं वाटतंय म्हणून सोडलं" याचीच वाटते, कारण बरं तर त्याला आधीही वाटत होतं.

औषधाची वेळ आली नाही तर दर सहा महिन्यांनी तपासणी. पोटाची सोनोग्राफी त्यात कुणाला आणि किती वेळा, ते वय, व्रण आणि घरात कुणाला यकृताचा कर्करोग झालाय का, यावर ठरतं.

हिपॅटायटिस सी निघाला असता तर उत्तर लहान झालं असतं: सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, बारा आठवडे, शंभरातले पंचाण्णव पूर्ण बरे. त्यावर लस नाही, पण बरा होतो. बीवर लस आहे, पण मुळापासून सहसा जात नाही. निसर्गाचा हा न्याय मला अजून कळलेला नाही.

पैशांची चिंता असेल तर २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम आहे. त्यात तपासण्या आणि गोळ्या सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन हिपॅटायटिसचं केंद्र कुठं, एवढं विचारा.

खाण्याबद्दल आई विचारतीलच. हळद बंद, तेल बंद, नुसतं उकडलेलं, याला आधार नाही. हळदीनं डोळे पिवळे होत नाहीत. सगळं खायचं, वजन आटोक्यात ठेवायचं. दारू पीत नाही हे फार चांगलं, तसंच राहू दे. एक गोष्ट मात्र खास आपल्या स्वयंपाकघरातली: शेंगदाणे. बुरशी आलेल्या, कुबट दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं, आणि हिपॅटायटिस बी असलेल्या यकृतात त्यानं कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. आपल्याकडे प्रत्येक भाजीत कूट. दाणे निवडून घ्या, पावसाळ्यात कोरड्या डब्यात ठेवा, खवट लागले तर हळहळ न करता फेकून द्या.

काढे, "लिव्हर टॉनिक", ताकदीच्या पुड्या यांपासून दूर. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं ती मान्य केली नाही, पण ज्याच्या यकृतात आधीच पाहुणा आहे त्यानं हा प्रयोग स्वतःवर का करावा? सांधेदुखीच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि स्टेरॉइडनं हा विषाणू जागा होतो. पुढं कधी केमोथेरपी किंवा संधिवाताची जोरकस औषधं द्यायची झाली तर आधी "मला हिपॅटायटिस बी आहे" हे त्यानं स्वतः सांगायचं. भावाला हिपॅटायटिस एची लस देता येते का तेही विचारा. बीच्या अंगावर ए आला तर यकृताला ते जड जातं.

आता तुमच्या पत्रात जे नाही त्याबद्दल. तुम्ही भावाबद्दल लिहिलंत, भावजयीबद्दल लिहिलंत. आईंची आणि तुमची स्वतःची तपासणी झाली का, याबद्दल एक शब्द नाही. जर लागण जन्माच्या वेळची असेल तर विषाणू आईंच्या अंगात भावापेक्षाही जास्त काळ मुक्कामाला आहे. घरात सगळ्यात कमी वेळ ज्यांच्याकडे आहे त्या कदाचित त्याच असतील. त्या निगेटिव्हही निघतील, मग आपण दुसरी वाट शोधू. आणि तुम्ही त्याच आईच्या थोरल्या लेक. तुमचं एचबीएसएजी, तुमचं बाळंतपण झालं असेल तर तुमच्या मुलांचं, वडील असतील तर त्यांचं. जे निगेटिव्ह निघतील आणि ज्यांना संरक्षण नाही, त्यांना लसीचे तीन डोस.

आईंना हे सांगणं सोपं नाही. "तुमच्यामुळं झालं" असं ऐकू आलं तर त्या तपासणीला येणारच नाहीत, आणि ते खरंही नाही. त्यांच्या बाळंतपणात ही तपासणी कुणी केली नव्हती, लस गावात पोचली नव्हती. मी अशा घरांत एक साधी युक्ती करते. सगळ्यांचं रक्त एकाच सकाळी, एकाच बाकावर बसवून घेते, आधी थोरल्या लेकीचं आणि सगळ्यात शेवटी आईचं. तोवर ती घरातली एक असते, आरोपी नसते. ती माळ हवीच म्हणत असेल तर घालू द्या गळ्यात, फक्त रक्त दिल्यावर.

येताना रक्तपेढीचा कागद, भावजयीचं गरोदरपणाचं कार्ड आणि घरात कुणी पोटात पाणी होऊन किंवा रक्ताच्या उलटीनं गेलं असेल तर त्यांची माहिती घेऊन या. आजी, मामा, मावशी, सगळे आठवून बघा. आईच्या माहेरचं विशेष. रक्तासाठी उपाशी यायची गरज नाही. सोनोग्राफी मात्र रिकाम्या पोटी बरी, म्हणजे भाऊ सकाळपासून उपाशी असेल. आईंना सांगा, येताना डबा करून आणा. एकच आणा, सगळ्यांना मिळून.